तीन कॅमेऱ्यांचा फोन

पावसाळा सोडला तर आमच्या घरात फक्त आम्हीच आहोत असं क्वचितच घडायचं. देवबागच्या चिंचोळ्या पट्टीवर आमचं घर. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला नदी, आणि मध्ये माडांच्या सावलीत ओळीने बांधलेल्या खोल्या. त्यातल्या बऱ्या खोल्या पाहुण्यांच्या. पाहुणे म्हणजे नातेवाईक नव्हेत, भाडं देऊन राहणारे पर्यटक; पण आईने त्यांना कधी गिऱ्हाईक म्हटलं नाही. दिवाळीच्या नाहीतर नाताळच्या सुट्टीत गर्दी झाली की आमचीही खोली त्यांना जायची आणि आई, बाबा नि मी स्वयंपाकघरात अंथरुणं घालायचो. भिंतीपलीकडून पुण्या-कोल्हापूरच्या घरांतली भांडणं ऐकू यायची, सासवांच्या तक्रारी, मुलांचे हट्ट, कुणाचं प्रमोशन अडलं त्याची चर्चा. मला त्यांच्या संसारातलं सगळं कळायचं आणि त्यांना बहुधा माझं नावही माहीत नसायचं. ‘ताई, जरा पाणी आणता का’ एवढाच आमचा संबंध.

सकाळ व्हायची ती नारळ खवण्याच्या आवाजाने. आई जमिनीवर बसून एका लयीत खवायची, आणि तो आवाज थांबला की समजायचं, आता वाटण लागणार. मग तव्यावर घावण्याचं पीठ पडल्याचा चर्र आवाज, पडवीत पाहुण्यांच्या चपलांचे आवाज, आणि नदीच्या बाजूने बाबांच्या होडीचं इंजिन. होडी एकट्या बाबांची नव्हती, वाडीतल्या आणखी दोघांबरोबर भागीत होती. आधी ते मासेमारी करायचे. पर्यटक यायला लागल्यावर डॉल्फिन दाखवायला न्यायला लागले. त्यासाठी त्यांनी एक वेगळी मराठी कमावली होती. होडीवर ते ‘उजवीकडे लक्ष द्या, आता वर येईल’ असं पुस्तकात छापल्यासारखं बोलायचे आणि घरी पाय ठेवला की ‘जेवाक वाढ गो’. त्या होडीवरच्या मराठीची मला तेव्हा गंमत वाटायची. त्यामागे किती भीती असेल, चुकीचा शब्द जाईल, लोक हसतील अशी, ते मला फार उशिरा कळलं.

फोनचं वेड मला पडवीतच लागलं. खोल्यांत वीज जोडायची सोय एकेकच, म्हणून बाबांनी पडवीच्या भिंतीला चार्जिंगसाठी एक लांब बोर्ड बसवून घेतला होता, आणि संध्याकाळी त्याखालच्या बाकावर पाहुण्यांचे फोन ओळीने पालथे पडलेले असायचे. दुसऱ्या मुलींनी साड्या बघाव्यात तशी मी ते फोन बघायची. पाठीवरून मी फोन ओळखायला शिकले होते. कुठला चौकोनी कोपऱ्याचा, कुठल्याची पाठ काचेची, कुठल्याला कॅमेऱ्यांचे मोठे गोल. त्या गोलांवरून माणूस कळतो असं मला वाटायचं. ज्या फोनला एका कोपऱ्यात चौकोनी उंचवटा आणि त्यात तीन मोठे गोल, तो फोन ज्याच्या हातात, त्याला आई न सांगता मोठी सुरमई काढायची, असा माझा समज होता. खरं म्हणजे आई सुरमई काढायची ती लहान मुलं बघून. पण मी काही आईला विचारायला गेले नव्हते.

माझ्याकडे होता बाबांचा जुना फोन. त्याची काच एका कोपऱ्यातून तडकलेली, आणि कॉलेजचे व्हिडिओ उघडले की तो असा गरम व्हायचा की मी तो फडक्यात धरायची. मी तेव्हा मालवणला कॉलेजात जायला लागले होते. वर्गात माझ्या शेजारी रेश्मा बसायची. तिच्या वडिलांचं मालवणच्या बाजारपेठेत कापडाचं दुकान. रेश्मा वाईट नव्हती, हे आधीच सांगते. ती हसतमुख होती, डब्यातलं वाटून खायची. पण तिच्याभोवती जो चार मुलींचा घोळका होता, त्यात एकमेकींचे फोटो काढायचे, ते लगेच एकमेकींना पाठवायचे असा कारभार चाले, आणि माझी पाळी आली की मी फोन पिशवीतून काढायचीच नाही. ‘चार्जिंग संपलंय’ म्हणायची. माझं चार्जिंग रोज संपायचं. काही दिवसांनी त्यांनी विचारणं सोडून दिलं, आणि ते विचारण्यापेक्षाही वाईट होतं.

हंगाम बरा गेला तेव्हा बाबा आपणहून म्हणाले की कॉलेजला जाणाऱ्या मुलीला धड फोन हवा. आम्ही मालवणला गेलो. दुकान नवीन झालेलं, दारात फुगे, काचेवर किमतींचे भलेमोठे आकडे, आणि प्रत्येक आकड्याच्या शेवटी नव्व्याण्णव. बाबांनी ते आकडे मोठ्याने वाचून पाहिले आणि मला म्हणाले की हे लोक एक रुपया सोडतात तो नेमका कुणासाठी. मग त्यांनी माझ्या हातात पाकीट दिलं आणि ते बाहेर पायरीवरच थांबले. नुकतेच होडीवरून आले होते, पायांना वाळू होती, आणि आतली फरशी आरशासारखी. ‘तुका व्हयो तो घे,’ एवढंच म्हणाले.

आत एक तरुण विक्रेता होता, कंपनीचा टीशर्ट घातलेला, बोलायला गोड. त्याने माझ्यापुढे आधी एक साधा फोन ठेवला. मग म्हणाला, हजारभर वाढवले तर हा, याची बॅटरी दोन दिवस जाते. मग म्हणाला, अजून हजार, की याचा डिस्प्ले बघा. त्या शिडीवर मी एकेक पायरी चढत गेले. प्रत्येक वेळी वाटायचं, एवढे घालतोच आहोत तर आणखी थोड्यासाठी कशाला मागे राहायचं. बजेटातल्या फोनची खरी जादू ती. श्रीमंत माणसाला एकच फोन घ्यायचा असतो. आमच्यासारख्याला एका फोनपासून दुसऱ्यापर्यंत फक्त हजार रुपयांचं अंतर दिसतं, आणि त्या अंतरापलीकडे एक वेगळंच आयुष्य उभं असल्यासारखं वाटतं. आणि मग मला तो दिसला. चौकोनी उंचवटा, तीन मोठे गोल, कडेला सोनेरी रेघ. पडवीतल्या बाकावर पाहिलेल्या त्या महागड्या फोनची हुबेहूब पाठ, आणि किंमत त्याच्या पाव हिश्शाचीही नाही.

विक्रेता प्रामाणिक होता, हेही सांगायला हवं. त्याने आवाज जरा खाली आणून सांगितलं की ताई, फोटो काढायचे असतील तर मघाचा दोन कॅमेऱ्यांचा घ्या, स्वस्तही आहे. यात काम करणारा कॅमेरा एकच, बाकीचे दोन दिसायला आहेत. मी म्हटलं, असू दे. त्याने वर पारदर्शक कव्हर घातलं. मी कंपनीचं नाव झाकणारं, फुलांची नक्षी असलेलं दुसरं मागून घेतलं. फक्त तीन गोल तेवढे उघडे.

बाहेर बाबांनी फोन दोन्ही हातांत घेऊन पाहिला. कॅमेऱ्यांवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, ‘तीन-तीन कॅमेरे?’ मी मान हलवली. त्यांना एवढा आनंद झाला की त्यांनी बसस्टँडवर मला थंड कोकम सरबत पाजलं. त्या दिवसापासून होडीवर कुणी फोटो काढायला लागलं की बाबा सांगायचे, आमच्या मुलीकडे पण तीन कॅमेऱ्यांचा आहे. पाहुणे ‘अरे वा’ म्हणायचे. बाबा घरी येऊन आम्हाला सांगायचे, आज कोण ‘अरे वा’ म्हणालं ते.

कॉलेजात मला काही बोलावंच लागलं नाही. मी फोन बाकावर पालथा ठेवला, एवढंच. घोळक्यातल्या एकीने उचलला, ‘हा तर तोच’ म्हणाली, आणि बाकीच्या ओणवल्या. मी हसले. पडवीत पाहुण्या बायका हसायच्या तसं, अर्धवट. त्यांनी त्याचा काय तो अर्थ लावला. त्यानंतर डबा खायला मला हाक यायला लागली, फोटोत मला मध्ये उभं करायला लागल्या. आणि एक दिवस रेश्मा म्हणाली की एका रविवारी आम्ही तुझ्याकडे मासे खायला येतो. आज इतक्या वर्षांनी मला तेव्हाच्या त्या मुलीचा, म्हणजे माझाच, राग येत नाही. तिला एवढं आवडलं होतं मध्ये उभं राहायला.

तो रविवार थंडीच्या दिवसांतला. खोलीत पुण्याचं एक कुटुंब उतरलं होतं, नवरा-बायको आणि म्हातारी सासू. बाई दोन दिवस आईच्या मागे मागे होत्या, सोलकढीत काय घालता मावशी, तिरफळ कुठे मिळतं, असं विचारत. रेश्मा आणि तिची एक मैत्रीण आल्या तेव्हा ते कुटुंब किनाऱ्यावरून परतत होतं. आम्ही पडवीत बसलो. रेश्मा माझा फोन घेऊन माडांचे फोटो काढत होती. आईने आत तिखल्याला फोडणी दिली होती, आणि बांगड्याच्या त्या वासाने रेश्मा म्हणाली, तुझ्याकडे राहायलाच यायला हवं. मी त्या दिवशी फार सुखात होते.

तेवढ्यात त्या बाई खोलीतून बाहेर आल्या. चेहरा उतरलेला. म्हणाल्या, माझा फोन सापडत नाही. सगळे शोधायला लागले. आईने उशा झटकल्या, बाबा वाळूतली वाट धुंडाळून आले. बाई रडवेल्या झाल्या होत्या. परतीची तिकिटं, सासूबाईंचे दवाखान्याचे कागद, सगळं त्यातच. आणि मग त्यांची नजर रेश्माच्या हातातल्या फोनच्या तीन गोलांकडे गेली. त्या पुढे आल्या आणि म्हणाल्या, ‘हा माझा आहे.’

रेश्माने पटकन फोन माझ्याकडे दिला, जणू तापलेला तवा. मी म्हटलं, हा माझा आहे. बाईंनी माझ्याकडे पाहिलं, मग आईच्या हातातल्या केरसुणीकडे, मग पुन्हा त्या तीन गोलांकडे. त्या वाईट नव्हत्या, घाबरल्या होत्या. पण तोंडातून निघालंच, ‘तुझा? याची किंमत माहीत आहे का तुला?’

आतून फोडणी करपल्याचा वास यायला लागला तरी आई हलली नाही. मी नखाने कव्हरचा कोपरा उचलला आणि ते काढलं. पाठीवर कंपनीचं नाव ठळक होतं, रस्त्याच्या कडेला छत्र्यांवर छापलेलं असतं तेच. बाईंच्या नवऱ्याने फोन हातात घेतला, उन्हात तिरका धरला आणि त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण सुटला. म्हणाले, अगं हा नव्हे तुझा, हा साधा बजेट फोन आहे. आणि मग, बहुधा वातावरण हलकं करायला, ते समजावून सांगू लागले. म्हणाले की हल्ली अशा फोनना महागड्यासारखी पाठ करतात. बघा, हा एक खरा. हे दोन नुसत्या काचा, आत काही नाही. त्यांनी एका गोलावर बोट ठेवून कॅमेरा चालू करून दाखवला. चित्र तसंच्या तसं राहिलं. दुसऱ्या गोलावर ठेवलं, तरी तसंच. रेश्माच्या मैत्रिणीला हसू आलं आणि तिने तोंडावर हात ठेवला. रेश्मा हसली नाही. ती माझ्याकडे बघत होती, आणि मला वाटलं, तिने हसायला हवं होतं.

पण मी तिच्याकडे बघत नव्हते. मी बाबांकडे बघत होते. ते दारात उभे होते, आणि त्यांनी होडीवरची मराठी काढली. ‘नाही साहेब,’ ते म्हणाले, ‘तीन आहेत. मी स्वतः घेऊन दिलाय.’

त्या गृहस्थांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. ‘काका, फसवतात हो हे दुकानवाले.’

बाईंचा फोन त्यांच्या गाडीत, ओल्या टॉवेलात गुंडाळलेला सापडला. त्या आईपाशी येऊन पुन्हा पुन्हा ‘सॉरी हं मावशी’ म्हणाल्या. मी मागच्या दारी माडाच्या आळ्यापाशी जाऊन उभी राहिले होते. आई आली, माझा दंड धरून आत घेऊन गेली. पानं मांडलेली होती. ‘पाव्हण्यांका वाढ,’ ती म्हणाली, ‘ताटार बसलेल्या माणसाक उपाशी ठेवूचा नाय.’ मी वाढलं. ज्या बाईने मला चोर ठरवलं होतं तिच्या पानात भात वाढला, रेश्माच्या पानात वाढला, त्या हसणाऱ्या मुलीच्या पानात वाढला. करपलेली फोडणी काढून आईने नवी दिली होती, तिखलं छान झालं होतं, सगळे तसं म्हणतही होते. बाबा जेवायला बसले नाहीत. त्यांना होडीवर काम होतं म्हणे.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा लग्नाकार्याला घालायचा पांढरा शर्ट घालून पडवीत उभे होते. म्हणाले, चल मालवणाक. मला कळलं कशाला ते. बसमध्ये मी खिडकीशी बसले होते आणि ते शेजारी, हात गुडघ्यांवर ठेवून. मला त्यांना सांगायचं होतं, प्रत्येक स्टॉपवर सांगायचं होतं. पण त्यांनीच एकदा बोलणं काढलं. म्हणाले की आपण अडाणी म्हणून मी बाहेर थांबलो, तुझ्याबरोबर आत यायला हवं होतं, माणूस बघून फसवतात. सगळा दोष त्यांनी स्वतःच्या वाळूच्या पायांना दिला होता.

या वेळी ते फरशीवरून सरळ आत गेले. दुकानात गिऱ्हाइकं होती. तोच विक्रेता. बाबांनी फोन काचेवर पालथा ठेवला आणि स्वच्छ, सावकाश मराठीत बोलायला लागले. साहेब, आम्ही कष्टाची माणसं आहोत. तीन कॅमेरे म्हणून पैसे घेतलेत. एकच आहे. हे बरोबर नाही. त्यांचा आवाज चढला नाही, पण कागद वाचल्यासारखा सपाट झाला होता. गिऱ्हाइकं वळून बघायला लागली. विक्रेता आधी गोंधळला, मग त्याने मला ओळखलं.

‘काका,’ तो म्हणाला, ‘मी ताईंना तेव्हाच सांगितलं होतं. विचारा त्यांना.’

बाबा माझ्याकडे वळले. त्यांच्या चेहऱ्यावर अजून राग होता, माझ्या बाजूने आलेला राग, आणि तो जायला थोडा वेळ लागला.

‘तुका म्हायत होता?’

मी होय म्हटलं. ऐकू गेलं की नाही कोण जाणे, पण कळलं. त्यांनी काचेवरचा फोन उचलला, शर्टाच्या बाहीने पुसला. मग त्या माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठ्या मुलासमोर त्यांनी हात जोडले. ‘माफ करा,’ म्हणाले, ‘माझी चूक झाली.’ मुलगा ओशाळला, ‘काका, काका, असं नको’ म्हणत काउंटरच्या बाहेर आला. कुणीतरी गिऱ्हाईक खाकरलं. मी त्या आरशासारख्या फरशीत बाबांचे जोडलेले हात उलटे बघत होते. पुढे आयुष्यात माझा अपमान झाला नाही असं नाही. सासरी झाला, नोकरीत झाला, आणि ते सगळे कालांतराने गोष्टी सांगण्यासारखे झाले. हा मात्र तसा कधी झाला नाही. ‘माझी चूक’ हे शब्द ते माझ्यासाठी बोलले होते, आणि मला तिथे उभं राहून ते घ्यावे लागले.

बसला वेळ होता. बाबा धक्क्याच्या दिशेने चालू लागले, मी मागून. धक्क्यावर किल्ल्याकडे जाणाऱ्या होड्यांची हाकाहाक चालली होती. ओळखीच्या एकाने बाबांना विचारलं, आज शर्ट घालून खंय? बाबा माझ्याकडे बोट करून म्हणाले, चेडवाचा काम होता. मग कठड्यापाशी थांबले, समुद्राकडे पाठ करून. मला वाटलं, आता बोलतील. मला वाटत होतं त्यांनी बोलावं, ओरडावं, वाडीतले बाप ओरडतात तसं. त्यांनी खिशातून फोन काढला, माझ्यासमोर धरला.

‘खरो खंयचो, ता माका दाखय.’

मी वरच्या गोलावर बोट ठेवलं. त्यांनी वाकून नीट बघून घेतलं.

‘मगे त्या एकान काढ,’ म्हणाले, आणि शर्टाचं वरचं बटण लावून ताठ उभे राहिले.

मी फोन डोळ्यांसमोर धरला. मागे किल्ला, होड्या, आणि मध्ये बाबा, हात बाजूला सरळ, शाळेत प्रार्थनेला उभं राहावं तसे. हसले नाहीत. काढला तो फोटो हलला, चेहरा नीट आलाच नाही. त्यांनी तो बराच वेळ पाहिला, पाणी चमकतंय म्हणून हाताने सावली करून.

‘बरो इलो,’ म्हणाले.